झडप

गल्ली निजली, कुलर बंद झाला
की ऐकू येते ती.
कुणी नखानं ताटलीवर वाजवावं तशी
माझ्या छातीतून. टिक. टिक.

लग्नाआधीच सांगितलं होतं तुला,
परळीच्या स्टँडवर, रसाचे ग्लास समोर ठेवून,
धातूची आहे, कायमची आहे.
तू हसला होतास, उत्तरेश्वर.
"डेपोत दिवसभर टॅपेटच ऐकायलोय मी,
घरी अजून एक."

मागच्या दिवाळीपासून रातपाळी मागून घेतोस.
पाळी नसली तर गच्चीवर निजतोस,
उकाडा नसतानाही.
मी नऊला गोळी घेते, रक्त पातळ ठेवायची.
भाजी चिरताना बोट कापलं
तर ओढणी भिजेपर्यंत थांबत नाही.
त्या गोळीवर मी जगते
आणि पोटातल्याला ती चालत नाही.

अंगणवाडीत मी लोकांची लेकरं तोलते.
झोळीत पाय झाडतात,
मी लिहिते, साडेआठ, नऊ सहाशे.
लेकरू उचलून नेल्यावरही
काटा जरा वेळ हलत राहतो.
त्याला रजिस्टरात रकाना नाही.

संक्रांतीला तुझी चुलती आली.
वाण देताना कानाशी म्हणाली,
"मोठ्या मनाची गं तू.
त्याच्यात दोष असून नांदायलीस."
मी उभी. हातात स्टीलची वाटी.

त्या रात्री एवढी भांडले
की घरमालकीण जिन्यात येऊन थांबली.
मला झाकायला खोटं बोललास, कळतं रे.
पण माझं मरण तू एकट्यानं ठरवलंस,
माझं जगणंही.
मला विचारलंस?
तू वाटीतल्या तिळगुळाकडे बघत राहिलास.
मग म्हणालास,
"ती टिकटिक थांबली तर?
मला मुकं घर नको."

या गावच्या देवीचं लग्नच लागलं नाही म्हणतात.
मुहूर्त टळला, वऱ्हाड दगड झालं,
हत्ती अजून उभे आहेत लेण्यात.
वैद्यनाथ तिकडं, ही इकडं.
आपलं तर लागलं होतं ना?
एका घरात, एका गॅसवर
आपण कशाला दगड व्हायलोत?

सरकारी दवाखान्यात मॅडमनी
केसपेपर उलटा करून हृदय काढलं,
ते सीताफळासारखं दिसत होतं.
शंभरातल्या किती जणी, ते सांगितलं.
तो आकडा मी इथं लिहीत नाही.
तू खुर्चीचा दांडा धरलास, मी पर्स.

बाहेर टपरीवर चहा आला, साय धरली.
"तुला पाहिजेच?"
पाहिजे.
तुझ्या आईसाठी नाही, गल्लीसाठी नाही.
आणि भीतीही वाटते, लई वाटते.
दोन्ही खरं धर.
तू बराच वेळ चहा फुंकत बसलास,
थंड झालेला.
मग उठून आत गेलास आणि
पुढची तारीख घेऊन आलास.
सहीच्या जागी मात्र
माझंच नाव राहील म्हणाले मी,
सत्यशीला, पूर्ण.

गोळी थांबली की सुया.
सकाळ-संध्याकाळ, पोटात, मूल होईपर्यंत.
सिस्टरनं तुला मोसंबीवर शिकवलं.
नखातलं ग्रीस जाईना
म्हणून तीनदा हात धुतलेस.
पहिल्या मोसंबीत सुई वाकली,
दुसरीत तुझं कपाळ भिजलं.
भोकं पडलेल्या त्या मोसंब्या फ्रिजवर आहेत.
टाकवत नाहीत, पिववत नाहीत.

काल गच्चीवरून खाली आलास.
दिवा लावला नाहीस.
बंद पडलेल्या गाडीवर ओणवतोस
तसा ओणवून
टाक्यांच्या वळावर कान ठेवलास,
चार वर्षांत पहिल्यांदा.
मी वाट पाहिली.
तुझी दाढी टोचत होती.
"काय म्हणते?"
"झोप," म्हणालास,
"मोजायलोय."