निशाणी सायकल

वाळपईच्या बाजारात सगुणशेट कुंकळ्येकरांचं दुकान होतं.
राकेल, सुंठ, दोरखंड, मिठाची डोण,
आणि गल्ल्याच्या खालच्या कप्प्यात
बाद झालेले एस्कुद.
ते मोजायचं काम माझं. मी बारा वर्षांचा, पुड्या बांधणारा.

निवडणूक आली. पहिलीच.
कुणी म्हणालं, शेट, अर्धी सत्तरी तुमच्या वहीत आहे,
मतं कुठं जातात?
शेट म्हणाले, उधारीवाला मला बघून वाट बदलतो,
तो मत द्यायला समोर येईल?
तरी अर्ज भरला.
निशाणी मागितली तराजू.
मिळाली सायकल.

आणि शेटना सायकल येत नव्हती.
डिचोलीच्या एका पोस्टमनची जुनी विकत घेतली,
हातात धरून गावोगाव चालवत नेली.
घंटी मात्र स्वतः वाजवायचे,
देवळात शिरताना वाजवतात तशी, एकदाच.

म्हादईवर ती होडीत आडवी घातली.
पल्याड जानकी गांवकरीण उभी होती, कमरेवर हात.
"शेट, ही तुका येना,
आनी आमकां खंय व्हरतलो?"
सगळे हसले. ती नाही.
आदल्या पुरात तिची सून याच होडीत अडली होती.
मूल अलीकडे पोचलं.
शेटनी कानावरची पेन्सिल काढली,
काय लिहिलं ते मला दिसलं नाही.

पणजीत पंखे उंचावर फिरत,
खुर्चीला गादी.
शेट तिच्या कडेवर बसत, गिऱ्हाईक आलं तर उठता यावं म्हणून.
सभापती म्हणाले, सभागृहाला उद्देशून बोला.
शेटनी चारी भिंतींना नमस्कार केला
आणि पिशवीतून लाल खतावणी काढली.
"सरकारच्या नावे. पूल, एक.
मास्तर, दोन.
डॉक्टर, निदान पावसाळ्यापुरता."
मागून कुणी तरी खुसखुसलं.
"हसणं, एक," शेट म्हणाले. "तेही मांडलं."

इकडे तराजू सत्यवतीबाईंच्या हातात.
माणसं यायची ती शिफारशीच्या चिठ्ठीला,
जाताना गूळ न्यायची, लिहून ठेवा म्हणायची.
आमदाराने वसुली कशी करावी?
दुसऱ्या खेपेला शेट एकसष्ट मतांनी पडले.
त्यातली चाळीस उधारीची,
हे ते नावानिशी सांगत, राग न धरता,
एखाद्याला सर्दी झाल्याचं सांगावं तसं.

सायकल मग माझ्याकडे आली.
राकेलचे डबे दोन बाजूंना बांधून
मी तिच्यावर गुडघे फोडून शिकलो.
शेट दारातून ओरडायचे, ब्रेक, ब्रेक,
जणू स्वतः चालवतायत.

पूल झाला तेव्हा त्यांना नीट दिसत नव्हतं.
कोनशिलेवर दुसऱ्याचं नाव.
मला म्हणाले, चल.
कठड्याला हात लावत, पावलं मोजत पलीकडे गेले.
दोनशे अकरा.
जानकी नव्हती. तिचा नातू होता,
तो होडीतला. मिशी फुटलेली.
त्याने ओळखलं नाही, वाट दिली फक्त.

रात्री खतावणी मागितली.
पान सापडायला वेळ लागला,
वाळवीने कडा खाल्ली होती.
मी हात धरला, त्यांनी लिहिलं:
जमा, पूल एक.
उशीर, अठरा वर्षं.
व्याज सोडलं.

मग जरा थांबून, माझा हात झटकून,
आपल्याच वेड्यावाकड्या अक्षरात:
मास्तर एक बाकी.