स्थानिक माणूस

नांदेडच्या कॉलेजात, जिन्याखालच्या खोलीत
वाळलेल्या झाडांची कपाटं.
डांबरगोळ्यांचा वास डोळ्यांत चढतो.
चारशे सात नंबरचा वेल
जुन्या पेपरात दाबलेला,
पानांमागं कुठल्याशा निवडणुकीचा निकाल.

चिठ्ठीवर सुवाच्य अक्षर :
किनवट, ओढ्याकाठी, सप्टेंबर.
संग्राहक : प्रा. डॉ. नळदकर.
आणि खाली, जागा उरली म्हणून,
'एका स्थानिक माणसाने दाखविला.'

तो स्थानिक माणूस माझा काका, जंगू टेकाम.
त्या उतारावर चपला काढून हातात घ्यायचा,
वेल पायाखाली येऊ नये म्हणून.
दिवसाचे दीडशे रुपये,
शिवाय सरांच्या डब्यातली पोळी.
सर वाईट नव्हते.
फॉर्मात रकानाच नव्हता.

मला मात्र रकाने भरपूर मिळाले :
जात, पोटजात, पडताळणी, उत्पन्न.
आणि मुलाखतीत शाबासकी,
'मराठी छान बोलतेस की!'

आता नवीन चिठ्ठ्या माझ्याकडं.
मॅडमला न विचारताच
मी एक ओळ वाढवली : 'ओळख पटवणारे'.
काकाला फोन लावला.
तो म्हणाला, माझं राहू दे,
आधी वेलीचं नाव सुधार.
तुमच्या सरांनी चुकीचं ऐकलंय.

तीनदा म्हणून दाखवलं त्यानं.
मधला आवाज देवनागरीत सापडत नाही.
टेबलाशी बसलेय, पेन उघडं,
तोंडातल्या तोंडात
म्हणून बघतेय.