खोक्यातून

मी त्याला पाहिला तो घोट्यापासून खालीच.
क्रेमोनाच्या रंगमंचाच्या कडेला, फळ्यांत पुरलेलं माझं खोकं,
वर शिंपल्यासारखं झाकण,
आत मी, एक धुरकट चिमणी आणि सगळ्यांचे शब्द.
ओळ सुरू व्हायच्या अर्धा श्वास आधी
मी ती हळूच वर सरकवायचो,
दुकानदारानं सुटे पैसे सरकवावेत तशी.

एवारिस्तो बोनफादेली. कोमाक्क्योचा.
बाप खाडीत वाम धरायचा.
पहिल्या हंगामात त्याच्या बुटांवर मिठाची पांढरी रेघ होती.
राजपुत्राचा झगा, कमरेला तलवार,
आणि खाली ती रेघ.
कितीही घासली तरी तिसऱ्या अंकापर्यंत उमटायचीच.

पण गळा!
वरच्या स्वरांना तो हातच लावायचा नाही.
नुसता बाजूला व्हायचा,
आणि स्वर आपणहून यायचे, कपाळामागून,
गरम पाण्यातल्या कोशाला रेशमाचं टोक सापडावं
आणि मग ते संपूच नये, तसे.
गॅलरीतले चीजवाले टोप्या काढून मांडीवर ठेवायचे.
त्याच्या टाचा जमिनीवरून कधी उचलल्या गेल्या नाहीत.
हे फक्त मला माहीत.

मग पाव्हिया. त्रिएस्ते. सेनिगालियाची जत्रा.
बुटांना चांदीचे बक्कल आले, मग ते गहाण पडले, मग पुन्हा आले.
करारात तो तीन गोष्टी लिहून घ्यायचा:
खोलीत चार मेणबत्त्या,
प्रयोगाआधी कुणी संत्रं सोलायचं नाही,
आणि खोक्यात तुल्यो.
तुल्यो म्हणजे मी.
एकोणीस वर्षांत आम्ही जेवायला एकत्र बसलो ते दोनदा.
दोन्ही वेळा अंधारात, गाडीत.

एका हिवाळ्यात पॅरिसहून खबर आली.
तिकडे कुणी वरचा सा थेट छातीतून काढला म्हणे,
झुंबराचे लोलक वाजले म्हणे.
खरंखोटं कोण बघतो?
वसंतापर्यंत आमच्या गावातला न्हावीसुद्धा
साबण फेसताना छाती फुगवायला लागला.

"छातीतून!" गॅलरी ओरडली.
त्यानं रेशीमच काढलं, नेहमीचं.
कुणीतरी मांजराचा आवाज काढला.
लोक हसले. मोकळेपणानं हसले, वाईट मनानं नव्हे,
तेच जास्त लागलं असावं.

दुसऱ्या रात्री मी बघितलं:
त्याच्या टाचा उचलल्या.
चवडे फळीत रुतले, गुडघे थरथरले,
बैलगाडी चिखलातून काढावी तसा त्यानं तो स्वर काढला.
टाळ्या? छप्पर उडेल इतक्या.
सात आठवडे तो रोज तेच करत राहिला.
आठव्यात मी ओळ दिली, ती त्याला पोचली,
पण आवाज आला नाही.
बूट वळले.
त्यांची मागची बाजू मला तेव्हा पहिल्यांदा दिसली.
डाव्या अंगाला झिजलेली,
होडीत रेटून उभं राहणाऱ्यांची झिजते तशी.

चौदा वर्षांनी मी कोमाक्क्योला गेलो.
काम काहीच नव्हतं. तिथे जाण्याचं कारण मी बायकोलाही
नीट सांगू शकलो नाही.
नोव्हेंबर. धुकं इतकं की आपलाच हात उसना वाटावा.
धक्क्यावर वामांच्या टोपल्या वळवळत होत्या,
आणि खाडीत अडकलेल्या होड्यांना
कुणीतरी हाक घालत होतं.

तोच आवाज. कपाळामागचा.
पातळ, न तुटणारा, पाण्यावरून सरळ गेलेला.
छातीतली हाक धुक्यात ढेकळासारखी विरते,
असं शेजारचा टोपलीवाला म्हणाला,
ही मात्र पोचते.
होड्या एकेक करून येत होत्या.

सवयीनं माझे ओठ उघडले, अर्धा श्वास आधी.
पण त्या हाकेला शब्दच नव्हते.
माझ्याकडे देण्याजोगं काही नव्हतं.

तो माझ्याजवळून गेला. पायात लाकडी खडावा, मिठानं पांढऱ्या.
ओळखणार कसा?
माझा चेहरा त्यानं कधी उजेडात पाहिलाच नव्हता.
मी खाली बघितलं,
आणि दुसऱ्या अंकाची पहिली ओळ
हळूच वर सरकवली.

खडावा थांबल्या.