पहिली वेलांटी

प्रागमधला दातांचा डॉक्टर मला आ करायला लावतो
आणि मग विचारतो, "ओस्त्रावाचे ना तुम्ही?
हवा अजून काळीच का हो तिकडे?"
त्याची दोन बोटं माझ्या दाढेशी. मी काय सांगणार.
घशातून जे काही निघतं
ते त्याला हो वाटतं.

घरमालकीण मायाळू आहे.
ओस्त्रावा तिने पाहिलंय, म्हणजे
पोलंडला जाताना गाडी तिथे बारा मिनिटं थांबली होती.
खिडकीतून दिसलं एक धुराडं आणि एक माणूस,
हिरव्या पिशवीतून कांद्याची पात डोकावणारा.
एकोणीस वर्षं ती त्या माणसाबद्दल बोलते आहे.
"बिचारे," म्हणते, अनेकवचनात,
आणि माझ्या ताटात आणखी एक बटाटा वाढते.
तो माणूस बिचारा कशावरून?
मला तर वाटतं त्याच्या घरी त्या दिवशी
पाहुणे यायचे होते, आणि तो शीळ घालत होता.
पण शीळ काचेतून ऐकू येत नाही.
(आणि खरं सांगायचं तर मलाही ती ऐकू आलेली नाही.)

ऑफिसात म्हणतात, "बोल की जरा तुमच्याकडचं."
मी बोलतो. ते हसतात.
आमच्याकडे दीर्घ काही नसतं.
आई, दूध, नदी, मरण,
सगळ्यांना पहिलीच वेलांटी.
आखूड चोचीचे म्हणतात आम्हाला.
बाबा सांगायचा, दीर्घ बोलायला श्वास लागतो,
आणि खाली खाणीत श्वास मोजून मिळायचा.
पंगतीत हे सांगितलं की सगळे गप्प व्हायचे.
आई मात्र स्वयंपाकघरातून ओरडायची,
"क्वेतोस्लाव, तू खाली उतरलास कधी?
जन्मभर वर बसून दिवेच मोजलेस ना!"

आणि एमा.
एमा बाई नव्हे, ढीग आहे. खाणीतल्या टाकाऊ दगडांचा.
टेकडी म्हणा हवं तर, पण टेकड्या देव करतो
आणि ही आम्ही केली, डबा डबा ओतून.
आत अजून धुमसते. बर्फ तिच्या माथ्यावर टिकत नाही.
जानेवारीत रादाना श्तेफ्कोवा आणि मी
तिच्या पाठीवर बसलो होतो हातमोजे काढून,
तळवे गवताला लावून,
जसं तापलेल्या पोराच्या पोटाला लावतात.
हे मी प्रागमध्ये कुणालाच सांगितलं नाही.
दाखवायला धुराडं पुरतं त्यांना.

परवा गेलो होतो, जन्मदाखल्याची नक्कल हवी होती.
ट्राममध्ये विचारलं, दुसरं गेट कधी येईल?
दोघांनी खांदे उडवले. तिसऱ्याने फोनमध्ये पाहिलं.
कोपऱ्यावरच्या व्हिएतनामी दुकानात
गल्ल्यावर वीसेक वर्षांची मुलगी,
छातीवरच्या पट्टीवर नाव थुई.
सफरचंदं तोलता तोलता म्हणाली,
"गेट? ते पाडलं. मी शाळेत होते तेव्हाच.
प्रागचे का तुम्ही?"
इतकं तुटक, इतकं आखूड,
की बाबा खूश झाला असता.

"नाही," म्हणालो, "मी इथलाच."
आणि तो "मी"
माझ्याच तोंडातून बाहेर पडला
दुसरी वेलांटी घेऊन, लांबलचक,
प्रागच्या पुलासारखा.
ती हसली नाही. सुटे पैसे मोजून दिले.

जाता जाता, उगाच, काहीतरी इथलं विचारावं म्हणून
विचारलं, "एमावर अजूनही बर्फ टिकत नाही ना?"

तिने दाराबाहेर पाहिलं.
जानेवारीची सतरा तारीख.
फुटपाथ कोरडा, एक म्हातारा नुसत्या स्वेटरवर,
त्याच्या पिशवीत काय होतं
मला दिसलं नाही.

"कसला बर्फ?" ती म्हणाली.