अक्रोडाखाली रेंज येते

गोचाच्या मिनीबसमधून खोकं आलं,
इटलीहून, सहाव्या दिवशी:
कॉफी, गुडघ्याचं मलम, लोकरीचे मोजे,
आणि एकेका मोज्यात एकेक मोबाइल.
शाल्वाला वाटलं, मोज्याचा आकार बिघडू नये
म्हणून घातलंय काहीतरी.

खातुनानं तिथूनच नावं भरून पाठवली होती.
आईच्या फोनात बाप: मामा.
बापाच्या फोनात आई: देदा.
आपल्याला हसू येईल, पण जॉर्जियात
बापालाच मामा म्हणतात.
तरी बायकोनं नवऱ्याला मामा म्हणून फोन लावायचा?
त्सिआला आठवडाभर पुटपुटली.
नाव बदलता येतं, शेजारचा पोरगा म्हणाला.
"राहू दे," शाल्वा म्हणाला. "लेकीनं ठेवलंय."

काच त्याच्या बोटाला ओळखेना.
पन्नास वर्षं कुदळ धरलेलं बोट,
त्यावर रेषाच उरल्या नव्हत्या बहुतेक.
त्यानं थुंकी लावली, फुंकर घातली, शिवी दिली.
शेवटी करंगळीनं जमलं.
"जन्मात काही काम न केलेलं
तेवढं एकच बोट होतं तुझं," ती म्हणाली.

तिचं वेगळंच. ती फोन धरायची
नुकत्या घातलेल्या अंड्यासारखा.
लेकीला दिसायचं कपाळ, कधी छत,
कधी छताला टांगलेली मक्याची कणसं.
"देदा, खाली धर. अजून खाली."
तिकडे बारी शहरात, बोलता बोलता,
खातुना दुसऱ्याच एका म्हातारीचे
केस विंचरत असायची.
त्या म्हातारीनं एकदा हात हलवला.
त्सिआलानंही हलवला.
मग फोन पालथा ठेवून
बराच वेळ चुलीतली राख सारखी करत बसली.

एकमेकांना फोन करून सराव करा, पोरगा म्हणाला.
आता एकमेकांना कसला फोन?
एकावन्न वर्षं ती जेवायला बोलवायची
तव्यावर डाव आपटून.
पण घरात खिडकीपाशी रेंज होती
आणि मळ्याच्या टोकाला, अक्रोडाखाली.
तो तिथं जाऊन उभा राहिला. करंगळी टेकवली.
"कोण बोलतंय?" ती म्हणाली, ठाऊक असून.
"शाल्वा. शाल्वा गाब्रिचिद्झे."
मग दोघंही गप्प.
"काय करतेस?"
लग्नापासून हा प्रश्न
तिच्या वाट्याला आला नव्हता.
तिनं इकडेतिकडे पाहिलं.
"घेवडा निवडतेय," म्हणाली,
आणि कारण नसताना लाजली.

मार्चमध्ये द्राक्षांची छाटणी.
एका मंगळवारी फोन वाजला: मामा.
ती हॅलो म्हणाली, परत म्हणाली.
पलीकडे कुणी तिच्याशी बोलतच नव्हतं.
खिशातल्या खिशात लागला होता.
कापडाची खसखस, कात्रीची कट्, कट्,
"रडू नको गं," हे वेलीला;
कापल्या जागी पाणी येतं त्यांना त्या दिवसांत.
मग कात्री थांबली.
श्वास. नुसता श्वास,
चढावर अडकलेल्या ट्रकसारखा.
चार वेली, की थांबणं. चार वेली, की थांबणं.
आणि घरी आल्यावर विचारलं तर म्हणायचा,
"मला काय धाड भरलीय? घोडा आहे घोडा."

तिनं फोन कापला नाही.
सतरा मिनिटं उभी राहिली खिडकीला कान लावल्यासारखी,
त्याचे महिन्याचे पैसे संपेपर्यंत.
मक्याची भाकरी तव्यावर कोळसा झाली.

रात्री तो चष्मा लावून फोन उलटासुलटा करत म्हणाला,
"चोर आहेत कंपनीवाले."
"असतील," ती म्हणाली.

सकाळी तिनं गंजकी जुनी कात्री शोधली,
दगडावर घासली, डोक्याला रुमाल बांधला.
"तू कुठे?"
"खिडकीपाशी हल्ली नीट ऐकू येत नाही.
अक्रोडाखाली बरं येतं."

आणि चौथी वेल झाली
तशी कंबरेवर हात ठेवून तीच आधी थांबली:
"जरा थांब रे. मला दम लागलाय."