किनारा वगळून

पहाटे सहाला तो आपल्यावरून जातो,
सातशे किलोमीटर उंचावरून,
पाण्याला बोट न लावता.

समुद्र अंधारातही तेवत असतो
हे मला नोकरीला लागल्यावर कळलं.
डोळ्यांना न दिसणारं तेवणं,
वीतभर लांबीच्या लहरींचं.
मीठ जास्त तिथे उजेड कमी.
तो तेवढंच टिपतो,
वरच्या बोटभर पाण्याचं मंद होणं.
त्यातून वाऱ्याने उठलेला खडबडीतपणा वजा,
आकाशाची परत फिरलेली चमक वजा,
उरतं ते मीठ.

पस्तीस. कुठे साडेछत्तीस.
पस्तीस काय, आई विचारते,
किलो, चमचे, टक्के?
काही नाही गं. नुसतेच पस्तीस.
या मापाला एकक ठेवलेलं नाही.
"मग हिशोब कसा लागतो तुमचा?"
आणि ती कुकरच्या शिट्ट्या मोजत राहते.

बेलापुरात चौथ्या मजल्यावर माझ्या पडद्यात
अरबी समुद्र पिवळा,
बंगालचा उपसागर निळा, नद्यांनी पातळ केलेला,
आणि कडेकडेने पार कन्याकुमारीपर्यंत
एक पांढरी पट्टी.
त्याच्या नजरेला जमीन फार झगमगते,
तिचा उजेड पाण्याच्या चौकोनात सांडतो,
म्हणून किनारा वगळून.
चाळीस किलोमीटरचा एकेक चौकोन.
त्यात दिवाळे, सारसोळे, वाशीचा पूल, ऐरोली,
वर कोपरीचं मीठबंदर,
सगळी खाडी एका रिकाम्या घरात.
यंत्राला रिकामं लिहिता येत नाही.
ते लिहितं
वजा नऊ हजार नऊशे नव्व्याण्णव.

शनिवारी पदाजी तांडेलांच्या होडीतून गेले.
ओहोटी लागलेली, भाद्रपदातलं गढूळ पाणी.
बादलीत मापकाची कांडी सोडली:
एकोणीस.
"वरशी किती दिसतो?"
वरून इथलं दिसत नाही काका,
किनाऱ्याजवळचं धरत नाहीत.
त्यांनी वल्हं आडवं ठेवलं.
"मंजे आमचा पानी गोर हाय का गो?"
आणि एवढे हसले की ठसका लागला.

मग बोट बुडवून जिभेला लावलं,
थुंकले.
तळोज्याकडून येणारी चव
माझ्या कांडीला कळत नाही.
"अजून आठ दिस जितारा चरंल. मंग नाय."
मी विचारलं होतं मीठ किती,
त्यांनी सांगितला वार.
त्यांचा बाप मीठबंदरावर टोपल्या मोजायचा,
दर विसाव्या टोपलीला
एक शिंपला बाजूला ठेवून.
संध्याकाळी शिंपले पुन्हा पाण्यात.

सोमवारी त्या चौकोनावर कर्सर ठेवून
बराच वेळ बसले.
एकोणीस लिहावा तर कुणीतरी विचारणार,
कुठून आणला,
आणि चाळीस किलोमीटरला
एक बादली कशी पुरेल?
बरोबरच आहे.

वहीत त्या आकड्यावर होडीतला थेंब पडला होता.
शाई फाकलेली, नवाचं शेपूट गेलेलं,
आणि सुकलेल्या डागाच्या कडेला
बारीक पांढरी रेघ.
नखाने खरवडली,
इकडेतिकडे पाहिलं,
चाखली.