पान सव्वीस

लॉगबुकाच्या सव्विसाव्या पानावर छापलंय:
मृत्यूनंतरची शुश्रूषा, दोन वेळा.
पुढे दोन चौकोन, सहीसाठी.
कॅथेटर पाच, एनिमा पाच, रायल्स ट्यूब पाच,
बेड बाथ तर इतके की मोजदाद सोडली.
सगळीकडे टोप्पो सिस्टरांची सही, निळी, तिरकी.
हेच पान कोरं.
तिसरं वर्ष संपत आलं आणि मेसमध्ये
पोळीचा तुकडा वरणात बुडवत भैरवी विचारते,
"तुझं सव्वीस झालं का गं?"
गिरणीतून दळण आणलंस का, तसं.

जानेवारीतलं ग्वाल्हेर.
कंपूच्या रस्त्यावर एवढं धुकं
की वॉर्डसमोरची चहाची टपरी
नुसती स्टोव्हच्या आवाजावरून कळते.
पुरुष मेडिकल, रात्रपाळी. बत्तीस खाटा, एकेचाळीस माणसं.
मी येते, हात धुते, सहा पायऱ्या, बर्फासारखं पाणी,
आणि (लिहू नये, पण लिहिते)
आधी चौदा नंबरकडे बघते.
रामसनेही कुशवाह, गाव भितरवार, लिव्हर.
तीन रात्री त्यांचे श्वास मोजले मी,
कधी बारा, कधी आठ,
आणि मोजताना डोळ्यांपुढे
एक चौकोन होता.

नऊ नंबरची काळजी कुणालाच नव्हती.
हरप्रसाद ओझा, रोडवेजचे जुने कंडक्टर,
पाय ड्रेसिंगमध्ये, तोंड अखंड चालू.
नाडीसाठी मनगट धरलं की ओरडायचे,
"ऐसे ठंडे हाथ बिना टिकट नहीं चढ़ेंगे, बिटिया!"
मग मी हात काखेत दाबून उभी राहायची
एक मिनिट, दीड मिनिट.
हे टोप्पो सिस्टरांनी शिकवलेलं.
पुस्तकात नाही.

पावणेचारला नऊ नंबर गप्प झाला.
डॉक्टर आले, छाती दाबली, आम्ही पाळीपाळीनं दाबली,
मग घड्याळ बघून वेळ लिहिली.
मुलगा मालनपूरला कारखान्यात, फोन लागेना.
"चल," सिस्टर म्हणाल्या, "पडदा ओढ.
आणि काय करतेस ते त्यांना सांगत राहा."
मला वाटलं, माझ्यासाठी म्हणतायत.
"काका, डोळे पुसते."
"काका, आता कुशीवर घेते हं."
घोट्याशी गाठ मारताना हात थरथरला,
सिस्टरांनी गाठ सोडली, म्हणाल्या, परत बांध.
तोंड साफ करताना कापसाला तीळ लागले.
चार-पाच. दाढेच्या मागे आणखी एक.
दहा वाजता साखर चारशे बारा होती
आणि त्यांनी मेलेल्या बायकोची शपथ घेतली होती
की काहीसुद्धा खाल्लेलं नाही.
उशीखाली वर्तमानपत्रात मुरैन्याची गजक,
एका कोपऱ्याला दातांची खूण.

सिस्टरांनी पुडी नीट घडी करून
मुलाला द्यायच्या सामानात ठेवली, आणि यादीत
चष्मा, मोबाईल, सहाशे चाळीस रुपये
यांच्या खाली लिहिलं: मिठाई, थोडी.

तेव्हा माझ्या लक्षात आलं,
पडद्याआड जायच्या आधी मी
हात काखेत धरून उभी होते.
कुणासाठी, विचारू नका.
तरीही ते माझ्यापेक्षा गरम होते.

सहीला पेन चालेना थंडीनं.
सिस्टरांनी निबावर फुंकर मारली, समासात गिरगिटलं,
मग चौकोनात सही केली, तारीख घातली.
एक.
मी पान वाळायची वाट बघत राहिले,
बॉलपेनची शाई, वाळायचं काय होतं त्यात.

सहाच्या राऊंडला चौदा नंबरनं डोळे उघडले
आणि तीन रात्रींत पहिल्यांदा काही मागितलं.
चाय.
पाण्यावर बंधन, तरी सिस्टर म्हणाल्या, दे दोन चमचे.
टपरीवरून आणला, बशीत ओतला, निववला.
पहिला चमचा हनुवटीवर सांडला.
चार्टवर दहा मिली लिहिलं होतं,
खोडून पाच केलं.